ब्रिंदिसीचे दोन दिवस

इटलीला जायचे म्हटले की रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही आपल्याकडची ठरलेली त्रिस्थळी. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत ब्रिंदिसीचे नाव सहसा आढळत नाही. बुटाच्या आकाराच्या या देशाच्या टाचेवर, एड्रियाटिक समुद्राच्या काठी हे जुने बंदर वसले आहे. तरीही येत्या उन्हाळ्यातील आमच्या दहा दिवसांच्या कौटुंबिक प्रवासात दोन दिवस आम्ही या गावासाठी राखले आहेत. त्याचे कारण यवतमाळच्या कापसात आहे.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि पुढील वर्षापासून इंग्लंड-हिंदुस्थानचे टपाल ब्रिंदिसीवरून येऊ लागले. लंडनहून निघालेल्या पिशव्या रेल्वेने फ्रान्स ओलांडीत, आल्प्सच्या पोटातील बोगद्यातून इटलीत उतरत आणि पूर्व किनाऱ्याने थेट या बंदरापर्यंत पोहोचत. तेथून आगबोटीने इजिप्त, एडन आणि मग मुंबई. सारा सागरी वळसा टळून कित्येक दिवस वाचत. साहेब लोकही याच वाटेने ये-जा करीत. त्यांच्यासाठी धक्क्यालगत एक भव्य हॉटेलही उभे राहिले. पहिले महायुद्ध पेटेपर्यंत हा क्रम चालला. कापसाचा भाव तारेने कळे. पण सविस्तर पत्रे, हिशेब आणि करारनामे आगबोटीनेच येत. मुंबईहून ते धामणगाव स्टेशनावर उतरत आणि पुढे बैलगाडीने यवतमाळला येत. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी लाइन, आपली शकुंतला, सुरू झाली तेव्हा बैलांचे श्रम वाचले.

आमच्या घरच्या जुन्या वह्यांत असेच एक पाकीट जपलेले आहे. कोपऱ्यात तिरक्या इंग्रजी अक्षरांत ‘व्हाया ब्रिंदिसी’ असे लिहिलेले. सासूबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून दर दिवाळीच्या वहीपूजनाला ते पाहत आल्या आहेत. आता त्यांचे वय शहात्तर. “हे गाव एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे,” एवढेच त्या म्हणाल्या आणि आमच्या घरात दोन महिने चर्चा चालली. त्यांना नेऊ नये असे काही नातलगांचे स्पष्ट मत होते. त्या चौविहार पाळतात, कंदमूळ वर्ज्य आहे, नवकारशी चुकत नाही. परदेशात नियम मोडला तर त्यांना आयुष्यभर रुखरुख लागेल, ही भीती खोटी नव्हती. नातवाने “दोन दिवस चालवून घ्या” असे सुचविले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा विषयही त्यांनी काढला नाही. तेव्हा ठरले की प्रवासच त्यांच्या नियमांभोवती बेतायचा.

चातुर्मासात प्रवास नको, म्हणून अक्षय्यतृतीयेनंतरचा मे महिना निवडला. हे सर्व अर्थांनी सोयीचे ठरले. मेच्या मध्यावर तेथे सूर्य सकाळी साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी आठच्या सुमारास मावळतो. परंतु तेथील भोजनगृहे रात्रीच्या जेवणासाठी साडेसात-आठशिवाय उघडत नाहीत. म्हणून दुपारचे जेवण बाहेर आणि सायंकाळचे खोलीवर, असा बेत आहे. त्यासाठी स्वयंपाकघर असलेली जागाच घ्यावी लागेल.

या प्रांताला पुल्या म्हणतात आणि येथील अन्न आपल्याला जवळचे वाटावे असे आहे, मात्र डोळे उघडे ठेवून. ओरेक्किएत्ते नावाचा कानाच्या पाळीसारखा पास्ता केवळ गव्हाचा रवा आणि पाणी यांचा असतो. त्यात अंडे नसते. पण तो बहुधा लसूण आणि मासळी घातलेल्या भाजीबरोबर वाढला जातो. वाळलेल्या फावा शेंगदाण्यांचे नव्हे, फावा या द्विदल धान्याचे घोटलेले पिठले आणि कडवट पालेभाजी हे गरिबांचे जेवण उत्तम. फक्त त्यात बटाटा घातला आहे का, ते विचारावे. बारीच्या प्रसिद्ध फोकाच्या रोटीच्या कणकेतच अनेकदा उकडलेला बटाटा मळतात. ताराल्ली ही कडबोळ्यासारखी खुसखुशीत वस्तू पाहून हात पुढे जाईल, पण तिच्या पिठात पांढरी वाइन असते. पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात, तेव्हा ते बादच. ‘सेंझा आल्यो, सेंझा चिपोल्ला, सेंझा पाताते’ म्हणजे लसूण, कांदा व बटाटा वगळून. हे तीन शब्द मुलीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. तुपाचे डबे व पेढे मात्र घरीच राहतील. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. तेलावर भाजलेले खाकरे आणि मुगाची डाळ चालेल.

व्हिसासाठी ९० युरो शुल्क आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विम्याचा कागद वृद्धांच्या बाबतीत विशेष नीट वाचावा. रोमहून थेट रेल्वेने पाच-सहा तास लागतात. सासूबाईंसाठी मला विमानापेक्षा हीच वाट बरी वाटते. टपालाच्या पिशव्या ज्या किनाऱ्याने धावत, त्याचा शेवटचा टप्पा बारीपासून पुढे खिडकीतून दिसेल.

गावात पाहायचे फार नाही आणि तेच बरे. आतले बंदर दोन फाट्यांत विभागले आहे, हरणाच्या शिंगांसारखे. गावाचे नावही हरणाच्या शिरावरूनच पडले असे मानतात. पाण्यापासून पायऱ्या चढून गेले की रोमन स्तंभ लागतो, सुमारे १९ मीटर उंच. रोमहून निघालेला आप्पियन मार्ग याच बंदरात संपतो. जोडीचा दुसरा स्तंभ १५२८ मध्ये कोसळला. त्याचे नुसते जोते उरले आहे. महाकवी व्हर्जिलचा अंत इसवी सनपूर्व १९ मध्ये येथेच झाला. आणि १४ डिसेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजी याच बंदरातून ‘पिल्स्ना’ बोटीने मुंबईस निघाले. पंधरा दिवसांनी ते पोहोचले आणि आठवडाभरात तुरुंगात गेले. त्या धक्क्यावर दुपारची शांत वेळ काढावी, एवढीच योजना आहे. पायऱ्या सासूबाईंना झेपल्या नाहीत तर खालूनच स्तंभ दिसतो.

जुने पाकीट सोबत न्यावे की नाही, यावर अजून एकमत झालेले नाही. सासूबाई म्हणतात, झेरॉक्स न्या.