नावाचा सातबारा

पलसाण्यात जमिनीचा विषय निघाल्याशिवाय चहा संपत नाही. हायवेलगत डाइंग मिलांच्या चिमण्या, त्यांच्यामागे उसाची शेतं, आणि एकेका तुकड्याला आता सोन्याचा भाव. त्यामुळे सातबारा म्हणजे काय, तलाठ्याचं दफ्तर म्हणजे काय, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तलाठी नोंद लिहितो. जमीन त्याची नसते. पण त्याच्या दफ्तरात गडबड झाली, तर मालकसुद्धा बेघर. हे किती खरं आहे ते मला एका वेगळ्याच दफ्तरामुळे कळलं. ते दफ्तर सांभाळणारी संस्था अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रेस्टन या गावी आहे.

आपल्या वाङ्मय मंडळातून बाहेर पडल्यावर मी इथल्या एका मिलच्या ऑफिसात लागलो. दिवसा मिलचे हिशेब, रात्री इथल्या मराठी मंडळाची वेबसाइट. मंडळ म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती लाइनने आलेली कामगार कुटुंबं. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, पुस्तकात मराठी. भाड्याच्या खोलीत वाचनालय, वर्षातून एकदा रक्तदान शिबिर, आणि इथे कुणी वारलं तर गावी न्यायच्या गाडीसाठी वर्गणी. वर्गणीच्या पावतीवर वेबसाइटचा पत्ता छापलेला. त्याचा शेवट डॉट ऑर्ग.

मी यायच्या आधी तो पत्ता एका कॉम्प्युटरवाल्याने काढून दिला होता. नाव मंडळाचं, पैसे मंडळाचे, पण नोंद त्याच्या स्वतःच्या नावावर! पुढे त्याने दुकान बंद केलं, फोन नंबर बदलला, वर्षाची मुदत संपली आणि साइट गायब झाली. मी म्हटलं, नवा पत्ता काढू. मंडळातले सगळ्यात जुने सभासद, त्यांना आम्ही नाना म्हणतो, ते म्हणाले, "नवा काढशील रे भाऊ. पण जुन्या पत्त्यावर दुसराच कोणी येऊन बसला आणि आपल्या नावाने वर्गणी मागायला लागला, तर?"

या प्रश्नाने माझी झोप उडाली. मग शोधत गेलो, की ही नोंद ठेवतं तरी कोण?

इथे तीन माणसं असतात बघा. नाव घेणारे आपण. नाव विकणारा तो रजिस्ट्रार. आणि मूळ वही जिच्याकडे असते ती रजिस्ट्री. कुठलं नाव घेतलेलं आहे, कुठल्या रजिस्ट्रारमार्फत, कधीपर्यंत, आणि त्याची साइट कुठे शोधायची, हे त्या वहीत. डॉट ऑर्गच्या वहीत १ कोटीहून जास्त नावं आहेत. जगात कुणीही त्यातला पत्ता टाइप केला, की रस्ता दाखवायची जबाबदारी या रजिस्ट्रीची, दिवसरात्र, सणवार न पाळता.

नोंद एका दिवसात पुसली जात नाही, हे कळलं तेव्हा जीवात जीव आला. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारकडे जास्तीत जास्त ४५ दिवस असतात. त्याने नाव काढून टाकलं, तरी पुढचे ३० दिवस जादा पैसे भरून ते परत घेता येतं. मग शेवटचे ५ दिवस, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. आम्ही त्या तिशीत होतो. कॉम्प्युटरवाला उधन्यात सापडला. तोही बिचारा दुसऱ्याच धंद्यात अडकलेला. त्याच्याकडून नाव सोडवून घेतलं आणि नोंद मंडळाच्या नावावर केली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आमच्यावर आलं तसलं संकट एकदा त्या पूर्ण दफ्तरावरच आलं होतं.

डॉट ऑर्ग १९८५ सालचं. पुढे ते व्हेरिसाइन या व्यापारी कंपनीकडे होतं. इंटरनेट सोसायटी या ना-नफा संस्थेने २००२ मध्ये पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री स्थापन केली, आणि १ जानेवारी २००३ पासून वही तिच्याकडे आली. ही रजिस्ट्रीसुद्धा ना-नफा. तांत्रिक काम कंत्राटाने दुसऱ्या कंपनीकडे, धोरण स्वतःकडे, आणि उरलेला पैसा इंटरनेट सोसायटीच्या कामाला. डॉट ऑर्ग कुणालाही मिळतं, संस्थाच असायला हवी असं नाही; तरी लोक या शेपटावर विश्वास ठेवतात.

आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये बातमी आली, की इंटरनेट सोसायटी ही रजिस्ट्रीच विकतेय! ईथॉस कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला, ११३.५ कोटी डॉलरना. त्याच वर्षी जूनमध्ये, वर्षाला १० टक्क्यांहून जास्त भाव वाढवायचा नाही ही करारातली अटही निघाली होती. सोसायटीचं म्हणणं, एकदम मोठी पुंजी मिळाली की आमचं काम कायमचं उभं राहील. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण जगभरच्या संस्थांनी विचारलं, तलाठ्याचं दफ्तर विकत घेणारा ते पैसे कुणाकडून वसूल करणार? त्या व्यवहारात रजिस्ट्रीवर ३६ कोटी डॉलरचं कर्जही चढणार होतं. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी विरोधाचं पत्र लिहिलं. शेवटी ३० एप्रिल २०२० रोजी, नावांच्या या सगळ्या व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅनने परवानगी नाकारली.

इंटरनेटच्या सुरुवातीला नावांचा कारभार बघणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं होतं, की असा कारभार बघणारा हा विश्वस्त असतो. त्याने हक्कापेक्षा जबाबदारीचा विचार करावा. आपल्याकडचं डॉट इनही २००५ पासून निक्सी ही ना-नफा कंपनीच चालवते. तिनेच २०१४ मध्ये देवनागरीत डॉट भारत आणलं, त्यात मराठीही आहे. पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीचंही देवनागरी शेपूट आहे, डॉट संगठन. शब्द हिंदी; आपण संघटना म्हणतो. नाना म्हणाले, "चालेल, पण पावत्या नव्याने छापायला पैसे कोण देणार?" म्हणून आम्ही डॉट ऑर्गवरच राहिलो.

मला यातून एवढंच कळलं, की इंटरनेटवरचं नाव कुणी कायमचं विकत घेत नाही. ते वर्षावर्षाने सांभाळायचं असतं. वरचं दफ्तर विश्वस्ताच्या हातात राहावं म्हणून जगाला भांडावं लागलं. खालचं, म्हणजे आपल्यापुरतं दफ्तर सांभाळायला भांडण नको, थोडी शिस्त पुरते. आपल्या वाङ्मय मंडळाच्या सचिवांनाही म्हणूनच तीन प्रश्न विचारून ठेवतो. आपल्या ई-अंकाच्या पत्त्याची नोंद कुणाच्या नावावर आहे? मुदत कधी संपते? आणि दरवर्षी नवीन कार्यकारिणी येते तेव्हा पासवर्ड कुणाच्या हातात जातो? उत्तरं मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा, शाईने.