क्लचचा डबा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही मराठी शिकवत होतात की गॅरेज चालवत होतात?" तेही खरेच. मराठवाडा विद्यापीठातून बी.ए. झालेला, चौतीस वर्षे पोरांना व्याकरण शिकवलेला माणूस मोटारसायकलच्या क्लचवर लिहितो म्हटल्यावर हसू येणारच. पण मागच्या पावसाळ्यात हा एक भाग आमच्या घरात असा काही शिरला, की शेवटी मला माझ्या पुतण्यापुढे मान खाली घालावी लागली. म्हणून लिहितो.

आमचे गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. शेत गावापासून तीन किलोमीटर, आणि पुतण्या बायकापोरांसह शेतातल्या वस्तीवरच राहतो. घरच्या म्हशी आणि शेजारच्या चार वस्त्यांचे दूध गोळा करून तो सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर पोचवतो. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचा एकेक कॅन. दूध पाण्यापेक्षा किंचित जडच असते, त्यात कॅनचे वजन धरा आणि वर पुतण्या. वाट म्हणाल तर आधी बांधाच्या कडेने काळ्या मातीतून, मग ओढा, आणि ओढ्यातून वर येणारा मुरमाचा उभा चढ. पुण्याची मुले रविवारी पैसे भरून अशा ठिकाणी गाड्या घेऊन जातात म्हणे, त्याला ऑफ-रोडिंग म्हणतात. आमच्याकडे त्याला दूध घालायला जाणे म्हणतात.

तर झाले असे की, वर्षभरात या गाडीच्या क्लच प्लेटा तीनदा बदलाव्या लागल्या. प्लेटा बदलल्या की महिना-दीड महिना बरा जायचा. मग पुन्हा तेच. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकायची, न्यूट्रल सापडायचा नाही, आणि निघताना असा हिसका बसायचा की कॅनची झाकणे वाजायची. दर खेपेला पैसे जायचे आणि एक दिवस दूध दुसऱ्याच्या गाडीवर पाठवावे लागायचे.

आणि दर खेपेला मी पुतण्याला बोलायचो. "तू हाफ क्लचवर गाडी चालवतोस. आम्ही राजदूत चालवली वर्षानुवर्षे, खेड्यापाड्यांच्या शाळा केल्या, कधी असा क्लच जाळला नाही." तो म्हणायचा, "न्हाई हो नाना, चढावर तेवढा दाबावा लागतोच, पण म्हणून काय महिन्यात जातो का?" मी ऐकत नव्हतो. मास्तरकीची खोड. एकदा एखाद्या पोराला निष्काळजी ठरवले की त्याच्या वहीत शाईचा डाग आपोआप मोठा दिसायला लागतो.

भाद्रपदातली एक संध्याकाळ. पाऊस होऊन गेला होता, ओढ्याला घोट्याइतके पाणी. पुढे कुणाची तरी बैलगाडी चढत होती म्हणून पुतण्या चढाच्या तोंडाशी क्लच दाबून थांबला. पण गाडी थांबेना, दाबलेल्या क्लचवरच पुढे ओढ घ्यायला लागली. त्याने ब्रेक धरला, इंजिन गुरगुरून बंद पडायला आले, ॲक्सिलेटर दिला, आणि एकदम हिसका बसून गाडी आडवी झाली. एका कॅनचे झाकण उडाले. चाळीस लिटर दूध ओढ्याला गेले. पोटरी सायलेन्सरला लागून चांगलीच भाजली. दुसरा कॅन वाचला, पण तोवर केंद्र बंद झाले होते. त्या रात्री सूनबाई चुलीपुढे बसून खवा आटवत होती आणि तो पायाला कोरफड लावून गप्प बसला होता. मी गेलो तर एवढेच म्हणाला, "नाना, आता तुम्हीच एकदा चालवून बघा."

मी काही बोललो नाही. चौऱ्याहत्तरावे लागलेले, मी काय चालवणार! पण दुसऱ्या दिवशी टेम्पोत गाडी टाकून मीही बरोबर गेलो. नेहमीच्या गॅरेजला नाही, तालुक्याला एक जुने मिस्त्री आहेत त्यांच्याकडे. त्यांनी इंजिनाचे उजवे कव्हर काढले. ऑइल काळे तर होतेच, पण त्यात चंदेरी चकाकी होती. ते म्हणाले, "गुरुजी, ही चकाकी प्लेटांची न्हाई. ॲल्युमिनियम झिजतंय कुठंतरी." मग प्लेटा बाहेर काढल्या आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला. "नख फिरवा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या डब्याला इंग्रजीत क्लच बास्केट म्हणतात, आपल्याकडे मिस्त्री लोक आउटर म्हणतात, कुणी हाउसिंग म्हणतात. वाटीसारखा ओतीव ॲल्युमिनियमचा डबा, त्याला उभ्या खाचा, म्हणजे उरतात ती हाताच्या बोटांसारखी बोटे. घर्षणाच्या प्लेटांना बाहेरून कान असतात, ते या खाचांत बसतात. त्यांच्या मध्ये साध्या पोलादी प्लेटा, त्या आतल्या हबला धरून. स्प्रिंगांनी सगळी चवड दाबली की इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. लिव्हर ओढला की चवड सैल होते आणि प्लेटा एकमेकींपासून सुटतात. सुटण्यासाठी त्या कानांना खाचेत सरळ, गुळगुळीत सरकता आले पाहिजे. सगळी गंमत इथे आहे.

ॲक्सिलेटर दिला-सोडला की प्रत्येक वेळी ते कान बोटांवर आपटतात. एकेक आघात किरकोळ, पण ओझे जड आणि वाट खडबडीत असली की दिवसाला हजारो. हळूहळू प्रत्येक कानासमोर बोटावर घर पडते, पायरीसारखे. मी नख फिरवले तर ते टकटक अडकत गेले. आमच्या वाड्याच्या उंबऱ्याला अशीच झीज होती. मग लिव्हर दाबला तरी कान त्या घरात अडकून राहतात, प्लेटा पूर्ण सुटत नाहीत, गाडी पुढे ओढते. सोडताना त्या एकदम घसरून बाहेर येतात, म्हणून हिसका. आणि अर्धवट सुटलेल्या प्लेटा एकमेकींवर घासत तापतात, म्हणून लवकर जातात. आम्ही वर्षभर नव्या प्लेटा जुन्या घरात नेऊन बसवत होतो!

मिस्त्रींनी एक साधी खूण सांगितली. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तेव्हा आधी प्लेटांकडे बघावे. क्लच दाबूनही गाडी सरकते, हिसके देते, तेव्हा केबल तपासून झाल्यावर डबा बघावा. आमच्या गाडीची लक्षणे पहिल्यापासून दुसऱ्या प्रकारची होती. पुतण्या तेच सांगत होता. ऐकायचे मी सोडले होते.

आता प्रश्न, नवा डबा कोणता? चार वाटा होत्या. पहिली, कानस मारून तोच डबा सपाट करणे. खर्च नाही, पण खाच रुंद होते, कानांना जास्त जागा मिळते आणि ते आणखी जोराने आपटतात. घर पुन्हा पडते. दुसरी, भंगारातून जुना आणणे. तो किती आपटून आलाय कोण सांगणार? तिसरी, बाजारातला नकलेचा, आणि चौथी, कंपनीचा, ज्याची किंमत नकलेच्या दुपटीहून जास्त.

पुण्याच्या नातवाला फोन केला. तो या ऑफ-रोडिंगच्या नादातला. त्याने पाचवी वाट सांगितली. परदेशात हिन्सन, वायस्को अशा कंपन्या शर्यतीच्या गाड्यांसाठी खास डबे करतात. कुणी अखंड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढतात, कुणी दाबून घडवतात, वरून पृष्ठभाग कडक करतात. केटीएमच्या चिखलातल्या शर्यतीच्या गाड्यांत तर डबा पोलादाचा असतो, त्याला घरे पडायला फार वेळ लागतो. मी विचारले, "ओतीव आणि घडीव यात एवढा फरक?" आणि माझे मलाच हसू आले. आपल्याकडे ओतीव लोखंडाला बीडच म्हणतात की! बिडाचा तवा हातातून पडला तर तडकतो, लोहाराने ठोकून केलेला फार तर वाकतो. बीड जिल्ह्याच्या माणसाने हे विचारावे म्हणजे कमालच. असो. ॲल्युमिनियमचेही काहीसे तसेच. घडवताना धातू दाबला जाऊन दाट होतो. ओतीवात, काम हलक्या हाताचे असेल तर, आत हवेची बारीक छिद्रे राहतात.

पण असले डबे मोठ्या गाड्यांचे, महागाचे. आमच्या शंभर सीसीच्या दूधगाडीसाठी तसा काही मिळाला नाही. त्यातून मी एक धडा मात्र घेतला. टिकाऊ म्हणजे नुसते कडक नव्हे. डबा कडक केला की झीज दुसरीकडे सरकते, प्लेटांच्या कानांवर जाते. आणि वजन वाढले तर इंजिनाला ते सतत फिरवत बसावे लागते. कुठला भाग झिजलेला परवडतो, हे आपले आपण ठरवायचे. प्लेटा स्वस्त, डबा महाग. प्लेटा झिजाव्यात, डबा टिकावा.

मग बीडला दुकानात गेलो, जुना डबा आणि नव्या प्लेटा पिशवीत घेऊन. दुकानदाराने दोन्ही डबे पुढे ठेवले. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे एकेक पाहिले. आधी गिअरचे दाते मोजले, जुन्याशी जुळतात का. मग प्लेट खाचांत सोडून बघितली. कंपनीच्या डब्यात ती आपल्या वजनाने खाली गेली आणि हलवली तर नावापुरती हलली. नकलेच्या डब्यात एका बाजूला अडकली, दुसऱ्या बाजूला खुळखुळली. त्याच्या खाचांच्या कडाही हाताला खरखरीत लागत होत्या. शेवटी गिअर एका हातात, डबा दुसऱ्या हातात धरून पिळून पाहिले. मागच्या बाजूला दोन्हींच्या मध्ये रबराच्या गाद्या असतात, हिसका गिळण्यासाठी. त्या आणि रिबिटे घट्ट हवीत. कंपनीचा घेतला. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, पेपर तपासल्यासारखा माल तपासला तुम्ही." त्याबरोबर मोटारसायकलचेच ऑइल घेतले, डब्यावर जेसो एमए लिहिलेले. इथे क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो. मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, ते याला चालत नाहीत.

डबा बसवून झाल्यावर मिस्त्रींनी पुतण्यालाही चार शब्द सुनावले, आणि ते रास्त होते. चढावर क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेकवर धरायची. पहिला गिअर चढाच्या आधी टाकायचा. लिव्हरला थोडी ढील ठेवायची. आणि एवढे ओझे या गाडीचे नव्हे. पुतण्याने सगळे मुकाट ऐकले. म्हणजे हाताचा दोष अगदीच नव्हता असे नाही. पण मी तोच एक दोष धरून बसलो आणि बाकीचे उघडून बघितले नाही.

परत येताना टेम्पोत मी त्याला म्हणालो, "मी तुला वर्षभर उगीच बोललो रे." तो बाहेर बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या नाना." पुढे मांजरसुंब्यापर्यंत दोघेही काही बोललो नाही. तिथे त्याने चहा घेतला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

या गोष्टीला वर्ष होत आले. प्लेटा अजून त्याच आहेत. पोटरीवरचा डाग मात्र राहिला. तो दिसला की मला शाळेतली काही पोरे आठवतात, ज्यांचे पुस्तक बदलले, बाक बदलला, वेळप्रसंगी छडीही बदलली, पण जिथे ती रोज अडकत होती तिथे मी कधी नख लावून पाहिले नाही. त्यातली काही आता आजोबा झाली असतील. त्यांना कुठे गाठून सांगू?

नातू परवा विचारत होता, आजोबा, माझ्या गाडीला कोरीव डबा घालू का? मी म्हटले, घाल बाबा, पैसे असतील तर. पण आधी कव्हर काढून आतल्या डब्यावर नख फिरव, आणि मग ठरव.