पत्रावळ आणि पालगड

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांची आई १९१७ मध्येच निवर्तली होती. गमावलेल्या आईचे आणि दुरावलेल्या पालगडचे हे स्मरण आहे. स्मरणरंजनासाठी आधी काही हरवलेले असावे लागते.

विसरवाडीच्या नववीतील एका वाचक मुलीचे अद्याप काही हरवलेले नाही. नवापूर तालुक्यातील या गावी तिच्या घरात मावची बोलली जाते, शाळेत मराठी. पालगडची हुरहूर तिला परकी वाटली; ती थबकली ती ‘पत्रावळ’ या प्रकरणापाशी. पत्रावळ लावता येत नाही म्हणून श्याम बोलणी खातो, याचे तिला नवल वाटले. पळसाची पाने तिच्या दाराशीच असतात. ती टाचायला कुणी शिकविल्याचे तिला आठवतही नाही. ही गोष्ट तिने आईला मावचीत सांगितली. आईला हसू आले. मग आपले असे कुणी लिहिले आहे का, असे तिने विचारले.

या प्रश्नाने आस्वादाची दिशा पालटते. श्यामची कथाही मुळात आश्रमात रात्री सांगितलेली, ऐकणाऱ्यांसाठीची कथा आहे. आईचे जगणे मराठीत लिहावे, तर आईला ते वाचता येणार नाही. मावचीत लिहावे, तर शाळा वाचणार नाही. मुलीने वहीत दोन्ही भाषांत आरंभ केला आहे. हरवण्यापूर्वीच लिहिलेले बालपण कसे असते, हे मराठी समीक्षेला अशा वह्यांतूनच कळू शकेल.