तिसरी शिट्टी

फोडणीची पोळी कुणी मुद्दाम करतं का? म्हणजे, उद्या सकाळी फोडणीची पोळी खायची म्हणून आज रात्री चार पोळ्या जास्त लाटल्या, असं? आमच्या घरी व्हायचं. मला आवडते म्हणून आई पोळ्या चक्क ‘उरवायची’. बाबा म्हणायचे, मग ते उरलेलं कसं झालं? आईकडे उत्तर नसायचं आणि मला उत्तराची गरज नसायची.

२००७ साली ‘द फाउस्ट टेप्स’ हा अल्बम पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मात्र पोळीबिळी काही आठवली नाही. फक्त डोकं दुखलं.

झालं असं, की कंपनीने मला सहा महिन्यांसाठी हॅम्बुर्गला पाठवलं होतं. ऑनसाइट! पहिले दोन आठवडे फोटो काढण्यात गेले. मग कळलं की रविवारी इथे दुकानं बंद, ऑफिसातले लोक आपापल्या घरी, आणि आपण, मॅगी आणि खिडकी. शनिवार त्यातल्या त्यात बरा. घराजवळ जुन्या सीडी-रेकॉर्ड्सचं दुकान होतं, तिथे तासन् तास उभं राहिलं तरी कुणी हाकलत नसे. जर्मन रॉक म्हटलं की मला फक्त स्कॉर्पियन्स माहीत. काउंटरवरच्या दाढीवाल्याला ते सांगितलं तर त्याने एक सीडी पुढे सरकवली. म्हणाला, हे इथलंच आहे, ट्रेनने तासाभरावरचं. कव्हरवर काळ्या-पांढऱ्या नागमोडी रेषा, बघताना डोळे फिरतील अशा. (ते ब्रिजेट रायलीचं १९६४ मधलं ‘क्रेस्ट’ नावाचं चित्र, हे नंतर कळलं.)

घरी येऊन लावली. गाणं सुरू झालं, जरा कुठे मान डोलायला लागली, आणि खटकन दुसरंच काहीतरी. पियानो. मग नुसते ड्रम्स. मग एखादं यंत्र बिघडल्यासारखी घरघर. मग अचानक इतकी गोड चाल की वाटावं, हं, आता जमलं. तर तीही अर्ध्यात गायब. मी सीडी काढली, टी-शर्टला पुसली, परत लावली. सीडी ठीक होती राव. अल्बमच तसा होता.

आता थोडी गोष्ट सांगतो, कारण गोष्ट भारी आहे. फाउस्ट हा १९७१ चा बँड. जर्मनमध्ये फाउस्ट म्हणजे मूठ. ऊवे नेटेलबेक नावाच्या पत्रकाराने पॉलिडोर कंपनीला पटवलं, की मी तुम्हाला एक जबरदस्त जर्मन बँड उभा करून देतो. त्या पैशांतून हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनच्या मध्ये, व्ह्यूमे नावाच्या खेड्यातल्या एका जुन्या शाळेत स्टुडिओ उभा राहिला. कुर्ट ग्राउपनर नावाचा साउंड इंजिनिअर दिमतीला. बँड तिथेच राहायचा, तिथेच जेवायचा, वाटेल तेव्हा वाजवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्क फ्रॉम होम, आणि डेडलाइन नाही! पॉलिडोरला अर्थातच काहीतरी विकण्याजोगं हवं होतं. मिळालं काय, तर पारदर्शक कव्हरमध्ये पारदर्शक रेकॉर्ड, आणि कव्हरवर मुठीचा एक्स-रे. बघायला अफलातून, पण खपली नाही. १९७२ चा दुसरा अल्बम ‘सो फार’ काळ्याकुट्ट कव्हरमध्ये आला. तोही खपला नाही. पॉलिडोरने हात वर केले.

पण त्या शाळेत टेप्स साठल्या होत्या. सहज वाजवलेलं, करून बघितलेलं, अर्धवट सोडलेलं. कुणी ऐकावं म्हणून रेकॉर्ड केलेलंच नव्हतं ते. नेटेलबेकने ही रिळं रिचर्ड ब्रॅन्सनच्या नव्याकोऱ्या व्हर्जिन रेकॉर्ड्सला जवळपास फुकट देऊन टाकली. अट एकच, की स्वस्तात विका. त्रेचाळीस मिनिटांचं ते कापून जोडलेलं प्रकरण १९७३ मध्ये इंग्लंडात आलं, किंमत ४९ पेन्स. पूर्ण एलपीला तेव्हा दोन पौंडांच्या आसपास पडायचे, आणि ४९ पेन्सात यायची दोन गाण्यांची सिंगल. आपल्या रुपयांत तेव्हाचे नऊ-सव्वानऊ. गाण्यांची यादी नाही, नावं नाहीत, एका बाजूला एक सलग पट्टा. सीडीवर त्याचे सव्वीस तुकडे केले आणि नावं दिली, ती फार नंतर.

लोकांनी पटापट घेतला. पन्नास हजारांच्या पुढचे आकडे सांगितले जातात. किंमत इतकी कमी, की खपाच्या अधिकृत यादीत तो धरलाच नाही म्हणे. आता एवढ्या लोकांना तो आवडला असेल असं मला अजिबात वाटत नाही. अर्ध्याहून अधिक जणांनी माझ्यासारखीच रेकॉर्ड पुसून पाहिली असेल. पण ज्या घरात एरवी असलं काही कधी शिरलं नसतं, तिथे ते ४९ पेन्सात शिरलं. सेलमध्ये घेतलेल्या शर्टासारखं. आवडत नाही, पण टाकवतही नाही.

माझंही तसंच झालं. सीडी पुण्याला आली, एका खोक्यात गेली. अधूनमधून ऐकायचो. ‘उरलेलं’ या शिक्क्याची चीड यायला लागली होती, रेडिओहेडच्या ‘ॲम्नेसियाक’लाही ‘किड ए’मधून उरलेली गाणी म्हणून लोक नाकं मुरडतात तेव्हा येते तशी. पण खरं सांगायचं तर ते सगळं गप्पांपुरतं होतं.

गेल्या वर्षी घर बदलताना ते खोकं उघडलं. सीडीच्या खाली अकरा कॅसेट्स.

१९९९ ते २००१ आमचा बँड होता. (नाव सांगणार नाही, लाज वाटते.) प्रॅक्टिस कोथरूडला, आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. बाबा ऑफिसला गेले की सगळे हजर. वरच्या मजल्यावरचे काका ओरडू नयेत म्हणून ड्रमच्या पोटात आईची जुनी चादर कोंबलेली. टू-इन-वन टेपरेकॉर्डर डायनिंग टेबलावर, पिठाच्या डब्यावर, म्हणजे आवाज ‘नीट’ येतो असा बेसवाल्याचा शोध. मग २००१ मध्ये पैसे जमवून एका स्टुडिओत तासाच्या भाड्याने तीन गाण्यांचा डेमो केला. मग मला कॅम्पसमधून नोकरी लागली आणि बँड संपला. ड्रमर बरीच वर्षं माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं बरोबरच होतं.

तो डेमो माझ्याकडे एमपीथ्रीमध्ये आहे. कोण ऐकतंय? स्वच्छ, नीटनेटका, आणि कुणाही चार पोरांचा वाटेल असा. कॅसेट्स ऐकायच्या तर डेक हवा. डेक कुणाकडे असणार ते मला माहीत होतं. चार दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवत होतो.

“डेक आहे रे,” ड्रमर म्हणाला. “पण तू येऊन घेऊन जा. मी आणून देणार नाही.”

गेलो. चहा झाला. डेक घेऊन आलो. एवढंच.

पेन्सिलीने फिती गुंडाळल्या आणि पहिली कॅसेट लावली. काउंट-इन, गिटार, आणि मधेच दुरून, “अरे, चहा ठेवू का? किती जण आहात?” मी जागच्या जागी बसलो.

कारण २०२२ मध्ये आईला स्ट्रोक आला. उजवा हात आता बराच बरा आहे. बोलणं गेलं. समजतं जवळजवळ सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. स्पीच थेरपीत ‘हो’, ‘नको’ आणि माझं घरचं नाव, इतकं परत आलंय. आणि तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. फोटो हजार आहेत. लग्नाच्या व्हिडिओवर सनई आहे.

अकरा कॅसेट्समध्ये ती सगळीकडे आहे. “हळू वाजवा रे.” “याला मीठ विचारा.” “ते गाणं परत नका वाजवू, पाठ झालं मला.” स्टुडिओतल्या डेमोत अर्थातच ती नाही. तिथे आम्ही पैसे भरून सगळे बाहेरचे आवाज बंद केले होते.

मी हुशारी केली. कॉम्प्युटरवर बँड कापला आणि फक्त आईची वाक्यं जोडली. सव्वाचार मिनिटं भरली. ऐकलं, तर रेल्वे स्टेशनवरच्या घोषणा! कुणाला बोलतेय, कशावर हसतेय, पत्ताच नाही. ती आमच्या आवाजाच्या वर आवाज काढत होती, आणि तो आवाजच मी पुसला होता. त्या रात्री खूप दिवसांनी फाउस्ट लावला. या वेळी लक्ष गेलं ते कापाकापीकडे. चाल तुटते तिथे नेटेलबेक मंडळींनी काही लिंपलेलं नाही. कड तशीच ठेवलीय. शेवटी गिटारवर कुणीतरी फ्रेंचमध्ये शांतपणे बोलत राहतं. मला फ्रेंच येत नाही. तरी या वेळी शेवटपर्यंत थांबलो.

ती सव्वाचार मिनिटांची फाइल डिलीट केली.

ताई म्हणाली, “आईला ऐकवू नकोस हं. त्रास होईल तिला.” मलाही तीच भीती होती. स्वतःचाच घडाघडा बोलणारा आवाज ऐकून ती कोसळली तर? महिनाभर आम्ही नुसतं फोनवर बोलत राहिलो. शेवटी ताई नागपूरहून आली आणि म्हणाली, “मी समोर असताना लाव.”

रविवारी दुपारी लावली. पाचवी कॅसेट, काहीही न कापता. आई पलंगावर टेकून. आमचा भयंकर बेसूर बँड सुरू झाला तसं तिने कपाळाला हात लावला. ताईला हसू आलं. मग तिचा आवाज आला, “खिडकी लावा, वरचे येतील.” आई हलली नाही. डोळे टेपरेकॉर्डरवर. मागे कुकर फुसफुसायला लागला होता. गाण्यात एक शिट्टी झाली. थोड्या वेळाने दुसरी. आणि खट्! साठ मिनिटांच्या कॅसेटची ती बाजू तिथे संपते.

खोलीत शांतता. ताई आईकडे बघतेय, मी ताईकडे.

आईने उजवा हात सावकाश उचलला आणि एक बोट दाखवलं.

“काय गं?” ताईने विचारलं. “पाणी हवंय?”

“नको.” मान जोरात हलवली. परत एक बोट, आणि मग तेच बोट स्वयंपाकघराकडे.

“एक शिट्टी राहिली,” मी म्हटलं.

“हो,” आई म्हणाली.

“आई, टेप तिथेच संपली गं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून आत गेलो आणि गॅस बंद आहे ना, ते बघून आलो.