बाबांचा प्रोग्राम आणि हललेलं घर

नातेवाईक मंडळी, ही पोस्ट जरा तांत्रिक आहे, पण वाचा. शेवटी विषय आपल्याच घरचा आहे.

बाबांनी निवृत्तीनंतर सी शिकून आमच्या वंशावळीचा प्रोग्राम लिहिला होता. दोन नावं दिली की नातं सांगायचा. परवा भाचा म्हणाला, "मावशी, आजोबांचा प्रोग्राम मला पायथनमधून वापरायचाय."

तो फोल्डर मी बाबा गेल्यापासून उघडलाच नव्हता. बाबांनी माणसांची मर्यादा 500 ठेवली होती. एका फाइलीत ती 800 केली, मेक चालवलं आणि लिंकर भडकला. बाकीच्या ऑब्जेक्ट फाइलींकडे बोट दाखवून म्हणाला, पीआयई हवं, पुन्हा कंपाइल करा.

म्हणजे काय, ते आईला असं सांगितलं. जुन्या फाइलींत मजकुराचे पत्ते पक्के लिहिलेत, "घर नंबर 42" असे. आता सुरक्षेसाठी प्रोग्राम दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी उतरवतात. मग पत्ता "माझ्यापासून पुढचं तिसरं घर" असा लागतो. सगळी आळी उचलून नेली तरी तो चुकत नाही. डेबियनमध्ये 2017 च्या नवव्या आवृत्तीपासून हे आपोआप होतं. बाबांच्या फाइली 2011 च्या!

लिंक करताना 'नो-पीआयई' लिहिलं आणि दोन मिनिटांत प्रोग्राम चालला. मी खूश. पण पायथनला हवी शेअर्ड लायब्ररी, आणि तिथे ही पळवाट चालत नाही. ती कुठे उतरेल हे आधी माहीतच नसतं. मग मेकफाइलमध्ये 'एफपीआयसी' घातलं, मेक चालवलं, पुन्हा तीच चूक, अक्षरशः तीच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उजेड पडला. मेक फक्त तारखा बघतं. सोर्स बदलला नाही, म्हणजे ऑब्जेक्ट ताजी, असं त्याचं साधं गणित. फ्लॅग बदलला याचा त्याला पत्ताच नाही.

उपाय एका ओळीचा: मेक क्लीन. आणि तिथेच माझा हात अडला.

त्या ऑब्जेक्ट फाइली बाबांनी स्वतः कंपाइल केलेल्या. तारीख 14 ऑगस्ट 2011, वेळ पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. चहाच्या आधी बसायचे ना ते! पुसल्या आणि सोर्स आता कंपाइलच झाला नाही तर? शेवटी फोल्डरची तारखांसकट एक प्रत ठेवली आणि एंटर दाबलं.

नव्या कंपायलरने इशारे भरपूर दिले, पण चूक एकही नाही. सगळ्या फाइली नव्या तारखेच्या झाल्या, लायब्ररी बनली. भाच्याने पहिली दोन नावं घातली ती त्याचं आणि बाबांचं. उत्तर आलं, "आईचे वडील."

जुनी प्रत तशीच आहे. तिचा आता काही उपयोग नाही, पण राहू दे.

असो. तुमच्याकडे फ्लॅग बदलूनही तीच चूक येत असेल, तर आधी मेक क्लीन करा. प्रत काढून, अर्थातच.