पट्टा पडला

बारामती-इंदापूरकडे 'सीझन' हा शब्द साखर कारखान्याच्या मालकीचा आहे. इतरत्र लग्नांचा सीझन असतो, आंब्यांचा असतो. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे बॉयलर पेटले की सीझन सुरू आणि उन्हाळ्यात पट्टा पडला की संपला. त्यामुळे नातवाने फोनवर "आबा, यात्रेला आलो की सीझनचा शेवट बघू" म्हटले, तेव्हा माझ्या मामांनी साहजिकच विचारले, "कुठल्या कारखान्याचा?"

मामा इंदापूर तालुक्यातले, चार एकर ऊसवाले. नातू हिंजवडीत कॉम्प्युटरवर. वर्षातून एकदा यात्रेला येतो, दुसऱ्या सकाळी परत. मीही बारामतीहून गेलो होतो. (मटणासाठी. उगाच खोटे कशाला सांगा?)

जेवणे झाल्यावर ओट्यावर लॅपटॉप मांडला गेला. मालिका अमेरिकन, 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या पिढीची. हा भाग तिथे १८ जून १९९० ला दाखवलेला. बोर्ग नावाची अर्धी माणसे, अर्धी यंत्रे अशी परग्रहावरची जमात भल्यामोठ्या चौकोनी यानातून येते. नातू एकेक वाक्य मराठीत सांगत होता. बोर्ग आपल्या यानाच्या कप्तानाला उचलून नेतात, अंगाला यंत्रे जोडतात आणि त्याच्याच तोंडून आपल्याला शरण यायला सांगतात.

"फोडला म्हना की!" मामा म्हणाले. बारामतीच्या शेजारी राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता दुय्यम अधिकारी आपल्याच कप्तानावर तोफ डागायचा हुकूम देतो, संगीत टिपेला जाते आणि पडद्यावर अक्षरे येतात. उरलेले पुढे.

"आरं, मग डागली का न्हाई?"

"ते पुढच्या सीझनला, आबा."

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे तोडीची चिठ्ठी दिली आन् टोळीच आली न्हाई."

हसू नका. फडात ऊस उभा आणि पट्टा पडायची बातमी, ही धाकधूक त्यांनी अनेक उन्हाळे काढली आहे. २०२२ साली ऊस इतका झाला की राज्यातले काही कारखाने जूनपर्यंत चालवावे लागले. त्या वर्षी मामांचे जेवण निम्म्यावर आले होते.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांना पुढचा भाग २४ सप्टेंबरला मिळाला. म्हणजे ९८ दिवस बिचारे कप्तानाला टांगून बसले होते. आपल्याला मात्र बटण दाबायचाच अवकाश. नातवाचे बोट त्यावर गेलेही. पण मामांनी लॅपटॉपचे झाकण अलगद मिटले. "आज नगं."

अंगणात बाजा टाकून आडवे झालो. वर चांदण्या भरपूर.

"आपल्याकडनं कुनी त्यास्नी निरोप धाडलाय का रं?" मामांनी विचारले.

धाडलाय म्हटले. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर याने गेली, प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तीत ५५ भाषांत नमस्कार-चमत्कार आहेत, एक मराठीतही आहे. शिवाय गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी. दुसरे यान उडाले ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. आवाज अजून चाललाच आहे.

"पोचंल कधी?"

"वाटेतल्या एखाद्या ताऱ्याच्या जरा आसपास जायला चाळीस हजार वर्षं."

"त्यापरीस आपला आडसाली बरा," मामा म्हणाले. "दीड वर्षात तुटतो तरी."

सकाळी नातवाने बॅग उचलली तशी मामांनी विचारले, "त्या कप्तानाचं कवा बघायचं?"

"पुढल्या यात्रेला की, आबा."

"लई लांब झालं. गनपतीला ये."

मी मधेच बोललो. म्हटले, माझ्या मोबाईलवर आत्ता दाखवतो. मामांनी असे पाहिले की मी मोबाईल खिशात घातला. पुढचा भाग मी घरी गेल्यावर त्याच रात्री पाहिला. मामांची सक्त ताकीद होती, तोंडातून एक अक्षर काढायचे नाही. मीही काढले नाही.

गणपतीत नातू खरेच आला. दोन दिवस राहिला. कप्तानाचा निकाल लागला, ओट्यावर चहा झाला आणि मामांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "एकूण सीझन किती म्हनलास याचे?"

"सात. हा चौथा सुरू झाला."

मामा बोटांवर काहीतरी मोजू लागले.