भाई, आवाज वाढवा

गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बटण धरून बसलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, मशीन अजून सुरू केलं नसेल. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आवाज येत होता. तुम्हाला ऐकू येत नव्हता." मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"लग्नात डीजे वाजवायचो. बावीस वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या लग्नातही होता," म्हणाले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बारीक, उंच आवाजाच्या बाजूला रेघ घसरत खाली गेली होती. त्यांनी हिशेब समजावून सांगितला. ८५ डेसिबलच्या आवाजात माणसानं दिवसाला फार तर आठ तास काढावेत. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. मी बेसच्या शेजारी चार-चार तास उभा असायचो, आणि आमचा आवाज १०० वर थांबत नव्हता.

मी मिरजेचा. आमच्या गावाला आवाजाचा अभिमान आहे. इथं सतार आणि तंबोरे बनतात. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे काम उचललं आणि पिढ्यानपिढ्या चालवलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. भोपळा कसा निवडायचा आणि तार किती ताणायची, हे माहीत असलेली माणसं आमच्या मोहल्ल्यात होती. आमचं घर मात्र त्यांतलं नव्हतं. अब्बांचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, एक कॅसेट डेक, चार बॉक्स आणि वायरींची भेंडोळी.

लग्नाचं काम असलं की अब्बा फजरची नमाज पढून थेट कार्यालय गाठायचे. मांडवात तेव्हा आचारी आणि भांडी घासणाऱ्या बायकाच जाग्या असायच्या. अब्बा आधी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईची कॅसेट लावत. ती वाजली की कार्यालयात लग्न आहे असं वाटायला लागायचं. मी आठवी-नववीपासून त्यांच्याबरोबर वायरी ओढायला जायचो, आणि १९९८ पासून पूर्ण वेळ.

अब्बांनी मला बटणं शिकवली नाहीत, वेळ शिकवली. मंगलाष्टकं सुरू झाली की आवाज शून्य. अंतरपाट दूर होऊन अक्षता पडेपर्यंत हात बटणावर, पण बोट उचललेलं. पंगत बसली की गाणी हळू, कारण माणसं एकमेकांना आग्रह करत असतात. आणि पाठवणीच्या वेळी 'नीलकमल'मधलं ते गाणं. १९६८ चा सिनेमा, शब्द साहिरचे, चाल रवीची, आवाज रफीसाहेबांचा. मुलगी कुठल्याही जातीधर्माची असो, बाप निरोप देताना हेच गाणं मागायचा. अब्बा ते कर्ण्यावर कधीच लावत नसत. एका बॉक्सवर, तेही बारीक.

मी एकदा विचारलं, "अब्बा, इत्ता कम कायकू?"

ते म्हणाले, "रोनेका आवाज गानेके उप्पर रैना."

पुढे अब्बा थकले आणि दुकान माझ्या हातात आलं. कर्णे माळ्यावर गेले. मी कर्ज काढून बेस घेतले, टॉप घेतले, मिक्सर आणि लॅपटॉप घेतला. आधी छोटा हत्ती होता, मग चारशेसात आली. कॅसेटची सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह. हळद, वरात, रिसेप्शन, तिन्हीकडे एकच मागणी, "भाई, आवाज वाढवा." २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि त्यातल्या एका गाण्यानं आम्हाला दोन सीझन जेवू घातलं. एका रात्रीत ते नऊ वेळा लावल्याचं मला आठवतं. नाचणाऱ्यांत नवरदेवाचे आजोबाही होते.

हजारेक लग्नं तरी वाजवली असतील. बहुतेक विसरलो. काही विसरत नाहीत.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. मुलगा-मुलगी दोघंही शिक्षक, जाती वेगळ्या. लग्न विशेष विवाह कायद्यानं, नोंदणी करून. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लागते. त्या नोटिशीवरूनच दोन्ही घरी कळलं. तरी दोघांना वाटत होतं, राग रिसेप्शनपर्यंत निवळेल. तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. साडेआठपर्यंत अकरा माणसं आली. सगळी शाळेतली.

स्टेजवर दोघं उभी होती. कुणी गेटमधून आत शिरलं की मुलगी मान उंच करून बघायची. मी जुनी गाणी हळू आवाजात लावून ठेवली होती. नऊ वाजता नवरा मुलगा माझ्याकडे आला. "भाई, नाचायची गाणी लावा."

मी म्हटलं, "दादा, माणसं येऊ द्यात की."

"जी आहेत ती आहेत. लावा."

मी लावली. पहिल्यांदा ती दोघंच नाचली. मग त्या मुलीनं वाढपी पोरांना हाक मारली. मग लाइटवाला गेला, मग वॉचमन, मग माझे दोन हेल्पर. आचाऱ्यानं झारा हातात घेऊनच दोन गिरक्या मारल्या. दहाला मी आवाज बंद केला, कारण कायद्यानं रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंदच ठेवावा लागतो. त्या दिवशी पाच मिनिटं उशिरा केला. मुलानं पाकीट दिलं. पूर्ण रक्कम होती. मी घेतली. चारशेसातचा हप्ता तोंडावर आला होता, तरी निम्मे परत करायला हवे होते, असं आजही वाटतं.

दुसरी आठवण चांगली नाही, पण लिहायची आहे.

'सैराट'च्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मिरजेजवळच्या एका गावात वरात होती. रात्रीचे नऊ वाजत आले होते. पुढच्या वळणावर मशीद होती आणि आत इशाची नमाज चालू होती. मशीद आली की आवाज कमी करायचा, तसाच देवळापुढेही, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. मी हात पुढे केला, तेवढ्यात दोन-तीन पोरं गाडीवर चढली. नवरदेवाचे मित्र. एकानं पेनड्राइव्ह पुढे केला. "हे लावा. आणि इथंच थांबून वाजवायचं."

त्यात काय आहे ते मला माहीत होतं. त्या काळात तसली गाणी आली होती. आमच्या लोकांना उद्देशून, दमदाटीची, बेसवर चढवलेली. पोरांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. गाडीवर माझं नाव नव्हतं, फक्त 'साउंड' लिहिलेलं होतं. माझा एक हेल्पर माझ्याकडे बघत राहिला. तोही आमच्यातलाच, एकोणीस वर्षांचा.

मी छाती पुढे काढून 'लावणार नाही' म्हणालो, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी खाली वाकलो, जनरेटरची मेन वायर ओढली आणि ओरडलो, "लाइन गेली!" अंधार झाला. पोरांनी शिव्या दिल्या. वरातीत सोबत असलेल्या बेंजोवाल्यानं आपलं वाजवायला सुरुवात केली, वरात पुढे सरकली, मशीद मागे पडली. दीडशे फूट गेल्यावर माझी लाइन आली.

चार दिवसांनी नवरा मुलगा उरलेले पैसे द्यायला दुकानात आला. पैसे मोजून दिले, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाला, "चाचा, वायर खरंच सुटली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

तो काहीच बोलला नाही. चपला घालून गेला. दीड वर्षानं त्याचा फोन आला. बहिणीचं लग्न होतं. "गाण्यांची यादी तुम्हीच काढा," म्हणाला. "पेनड्राइव्ह कुणाचा घेऊ नका."

आता आमच्या घरातलं. त्याच सुमारास आमच्या जमातीची बैठक झाली. ज्या लग्नात डीजे वाजेल तिथं निकाह पढवायचा नाही, असा ठराव पुढे आला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "इसकू पूछो, इसका पेट है."

मी उभा राहिलो. एक रिक्षावाला मला आठवला. त्यानं मुलाच्या वरातीला माझा मोठा सेट ठरवला होता, कारण त्याच्या भावानं आपल्या मुलाला तोच लावला होता. शेवटचे पाच हजार त्यानं बायकोच्या कानातलं मोडून दिले. मला हे माहीत होतं, कारण ती बाई त्या दिवशी वरातीत रिकाम्या कानांनी होती. मी बैठकीत एवढंच म्हणालो, "बिल मी फाडतो. पैसा कोण कुठून आणतो ते मला दिसतं. ठराव करा."

पण संगीतच वाईट, असंही तिथं बोललं गेलं. ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या गावच्या दर्ग्यात उरुसाला गाण्याची मैफल होते, त्या गावात बसून मी हे कसं मानू? मौलाना समजूतदार होते. म्हणाले, निकाह गुपचूप करू नये, लोकांना कळावा, त्यासाठी दफ वाजवला तर हरकत नाही, असं हदीसमध्ये आहे. मग माझ्याकडे बघून हसले. "दफकू जनरेटर नै लगता, भाई." सगळे हसले. मीही हसलो. संगीताबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी तिथं मांडलं नाही. ठराव झाला. माझी मुसलमान गिऱ्हाइकं संपली, हिंदू राहिली.

२०२० मध्ये तीही थांबली. लग्नाला आधी पन्नास माणसांची परवानगी, पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसं आणि फक्त दोन तास. पंचवीस माणसांत डीजे कोण बोलावणार? हप्ते थकले. मी चारशेसात विकली, मग बेस विकले. आता दुकानात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. ते बेस विकत घेणारा पोरगा हिंदू आहे, मेहनती आहे. मी त्याला कानात घालायचे बोळे आणून दिले. तो घालत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचा निकाह झाला. मशिदीत, असरनंतर. खजूर वाटले, संध्याकाळी घरापुढे मांडव घालून जेवण दिलं. ज्यानं हजार लग्नं वाजवली त्याच्या मुलीच्या लग्नात एक स्पीकर नव्हता. ठरावाला मी होकार दिला होता, तो मोडायचा नव्हता. काही हिंदू मित्र आले होते. माझ्या वडिलांच्या वेळचे एक मंडपवाले काका इकडेतिकडे बघून म्हणाले, "सनई तरी लावायची होतीस रे." मला उत्तर सुचलं नाही.

रात्री पाठवणीच्या आधी मुलगी मला गच्चीवर घेऊन गेली. तिची आई आणि माझी बहीण आधीच तिथं होत्या. मुलीनं मोबाइल कठड्यावर ठेवला. "अब्बा, जमातकू सुनाई नै देता," म्हणाली. "एकच गाना." आणि तिनं बोट लावलं.

मी वाट बघत उभा राहिलो. खालून भांड्यांचा आवाज येत होता, तोही लांबून आल्यासारखा. मोबाइलमधून मला काहीच ऐकू येत नव्हतं. वाटलं, अजून सुरू झालं नसेल. मग बायकोनं पदर तोंडाला लावला. बहिणीनं मुलीचा हात धरला. मुलीचे खांदे हलायला लागले. तेव्हा मला कळलं, कुठलं गाणं आहे ते. मी ते इतक्या वेळा लावलं होतं की तिच्या रडण्यावरून ते कुठवर आलंय हेही कळत गेलं. तिचं रडणं मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. पण त्या रात्री, गाणं मध्यावर असेल, तेव्हा मुलीनं डोळे पुसत माझ्याकडे वळून विचारलं, "अब्बा, आवाज बराबर है ना?"

मी म्हणालो, "हौ, बराबर है. बढाव मत."